किलो वजनाचा की वस्तुमानाचा? १९०१च्या ठरावाची पार्श्वभूमी

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, या सूत्रावर पदार्थविज्ञानात फारसे भांडण झालेले नाही. भांडण झाले ते एककांवरून, आणि कारखान्यांत ते अजूनही पुरते मिटलेले नाही.

न्यूटनच्या १६८७च्या मूळ लॅटिन ग्रंथात हे सूत्र आजच्या रूपात सापडत नाही. तिथला दुसरा नियम गतीतला बदल बलाच्या प्रमाणात होतो एवढेच सांगतो. आज आपण त्या गतीला संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, म्हणतो. आजच्या रूपाजवळ जाणारी समीकरणे १७५०च्या सुमारास बर्लिनमध्ये काम करणाऱ्या एका स्विस गणितज्ञाने मांडली. त्यांत वस्तुमानामागे २ हा गुणक आहे. ती चूक नव्हे, त्याची एककेच तशी होती. निसर्ग फक्त प्रमाण सांगतो. गुणक १ यावा असे वाटत असेल तर बलाचे एकक आपणच त्या बेताने निवडावे लागते.

किलोच्या बाबतीत हे भान फार उशिरा आले. फ्रान्सच्या १७९५च्या कायद्यात ग्रॅमची व्याख्या ठरावीक पाण्याचे ‘निरपेक्ष वजन’ अशी होती. १८८९मध्ये प्लॅटिनम-इरिडियमचा, ३९ मिलिमीटर उंचीचा आणि तेवढ्याच व्यासाचा ठोकळा जगाचा किलो ठरला. तो ठोकळा वजनाचे माप की वस्तुमानाचे, याने बाजारात काही बिघडत नव्हते. दोन पारड्यांच्या तराजूत गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे मुंबईत तोललेला किलो लंडनमध्येही किलोच भरतो. अडचण होती इंजिनिअरांची. पुलावरचा भार, बॉयलरमधला दाब ते किलोतच मोजत, आणि हा किलो म्हणजे सरळसरळ बल होते.

१९०१मध्ये पॅरिसला भरलेल्या वजनमापांच्या तिसऱ्या सर्वसाधारण परिषदेने यावर ठराव केला. त्यात तीन गोष्टी होत्या. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक. वजन ही बलाच्या जातीची राशी, वस्तुमान आणि गुरुत्व त्वरण (खाली पडणाऱ्या वस्तूला गुरुत्वाकर्षणाने मिळणारे त्वरण) यांचा गुणाकार. आणि गुरुत्व त्वरणाचे प्रमाण मूल्य सेकंदवर्गाला ९८०.६६५ सेंटीमीटर, म्हणजे ९.८०६६५ मीटर.

पहिल्या दोन कलमांनी जो गोंधळ मिटला असता, तो तिसऱ्याने पुन्हा आत आणला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असते, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक. निवडलेला आकडा ४५ अंश अक्षांशावरच्या समुद्रसपाटीचा म्हणून घेतला होता. पुढच्या मोजण्यांत तिथले खरे मूल्य किंचित कमी, ९.८०६च्या आसपास निघाले. आकडा मात्र बदलला नाही. केवळ संकेत म्हणून तो टिकला. पण तो टिकल्यामुळे ‘किलोग्रॅम-बल’ला अधिकृत आधार मिळाला. एक किलोग्रॅम-बल म्हणजे त्या प्रमाण मूल्याने एक किलो वस्तुमानाचे वजन, बलाच्या आजच्या एककात ९.८०६६५ न्यूटन. हे एकक वापरले की सूत्रात गुणक १ उरत नाही. मग तो १ करण्यासाठी ९.८०६६५ किलोचे वस्तुमानाचे एक ‘तांत्रिक’ एककही निघाले! जर्मनीत बलाच्या किलोला किलोपाँड असे वेगळे नाव दिले गेले, आणि १९७७ संपल्यावर ते कायद्यातून गेले.

सरळ वाट तोवर तयार होती. एक किलोला सेकंदवर्गाला एक मीटर त्वरण देणारे बल हे एकक १९४६मध्ये ठरले, १९४८मध्ये त्याला न्यूटन हे नाव मिळाले आणि १९६०मध्ये ते आंतरराष्ट्रीय पद्धतीत आले.

भारतात १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापे आणली. जागतिक ठोकळ्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीत आहे. तरीही कॉम्प्रेसरच्या गेजवर ‘किलो प्रति चौरस सेंटीमीटर’ दिसते आणि कामगार ‘पाच किलो प्रेशर’ म्हणतो. या एककात आणि बार या दाबाच्या दुसऱ्या एककात जेमतेम दोन टक्क्यांचा फरक असल्याने कुणाचे काही अडत नाही. सगळीकडे असे निभावत नाही. १९९९मध्ये मंगळाकडे गेलेले एक अमेरिकी यान हातचे गेले, कारण एका गटाचे आकडे पौंड-बल सेकंदात होते आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक होता ४.४५ पट.

२० मे २०१९पासून तो ठोकळाही निवृत्त झाला. शंभरेक वर्षांत त्याच्यात आणि त्याच्या प्रतींत सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडली होती. आता किलो प्लँक स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या राशीवरून ठरतो. तो प्रत्यक्षात आणण्याच्या एका पद्धतीत वस्तूचे वजन, म्हणजे तिच्यावरचे बल, विद्युत-चुंबकीय बलाने तोलतात. त्यातून वस्तुमान काढायचे तर त्या खोलीतले गुरुत्व त्वरण माहीत हवे. तिथे ९.८०६६५ चालत नाही. निर्वातात आरसा खाली सोडून आणि लेझरने त्याचे पडणे मोजून ते त्याच जागी काढावे लागते.