पिंपातली वर्षे: तरुण आणि जुन्या सिंगल माल्टची चव

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील आयला बेटावर १८१६ साली सुरू झालेली लागावूलिन ही डिस्टिलरी मुख्यतः तिच्या १६ वर्षांच्या सिंगल माल्टसाठी, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीसाठी, ओळखली जाते. द्विशताब्दीच्या निमित्ताने २०१६ साली तिने ८ वर्षांची व्हिस्कीही बाजारात आणली. दोन्ही व्हिस्की पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या इंधनाच्या, धुरावर वाळवलेल्या मोड आलेल्या बार्लीपासून, एकाच जागी होतात. तरीही दोन पेले शेजारी ठेवून वास घेतला, तर तरुण व्हिस्कीत नुकत्याच पेटलेल्या शेकोटीचा बोचरा धूर आणि लिंबाच्या सालीचा तजेला जाणवतो, आणि जुन्या व्हिस्कीत तोच धूर सुकामेवा, लाकूड आणि गोडसर मसाल्यांच्या आड गेलेला असतो. हा बदल फक्त पिंपात होतो. बाटलीत भरल्यावर व्हिस्कीचे मुरणे थांबते, त्यामुळे १२ वर्षांची बाटली कपाटात आणखी २० वर्षे राहिली, तरी आतली व्हिस्की १२ वर्षांचीच म्हणायची.

नुकतीच ऊर्ध्वपातित केलेली मद्यार्कयुक्त धार पाण्यासारखी रंगहीन असते. ती साधारण ६३.५ टक्के मद्यार्कावर पिंपात भरतात, आणि पिंप ओकचे, ७०० लिटरपेक्षा मोठे नसलेले, तसेच मुरण्याची मुदत किमान ३ वर्षांची असावी, असे स्कॉच व्हिस्कीचा कायदाच सांगतो. लेबलवर लिहिलेले वय त्या बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते, म्हणजे १२ वर्षांच्या बाटलीत २० वर्षांची व्हिस्कीही मिसळलेली असू शकते.

पिंपात एकाच वेळी निरनिराळी कामे चालू असतात आणि त्यांचा वेग सारखा नसतो. तरुण आणि जुन्या व्हिस्कीतला फरक समजून घ्यायचा, तर हे वेगच समजून घ्यावे लागतात. पहिले काम वजाबाकीचे. कोवळ्या धारेत गंधकाची संयुगे असतात, त्यांना उकडलेल्या कोबीसारखा किंवा रबरासारखा दर्प येतो. पिंपाचा आतला भाग आगीने जाळून काळा केलेला असेल, तर त्या कोळशाचा थर ही संयुगे शोषून घेतो, आणि या सफाईचा मोठा भाग सुरुवातीच्या काही वर्षांतच होतो. दुसरे काम बेरजेचे. ओकच्या लाकडातील लिग्निन या घटकाचे उष्णतेने विघटन होऊन व्हॅनिलिन तयार होते आणि व्हॅनिलाचा वास येतो. हेमिसेल्युलोज या लाकडातल्याच दुसऱ्या घटकापासून भाजलेल्या बदामासारख्या वासाचे फरफ्युरल मिळते. ओकमधल्या लॅक्टोन या संयुगांमुळे खोबऱ्याची आठवण होते. आणि लवंगेला तिचा वास देणारे युजेनॉल ओकमध्येही असते, म्हणून मुरलेल्या व्हिस्कीत लवंग जाणवली, तर ती केवळ कल्पना नसते. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी दरवेळी नवे जाळलेले पिंप लागत असल्यामुळे तिथली वापरलेली पिंपे स्कॉटलंडला येतात. ताजे रिकामे झालेले पिंप आपला रस भराभर सोडते, तिसऱ्यांदा भरलेले पिंप अगदी संथपणे सोडते.

तिसरे काम सर्वांत मंद असते, आणि माझ्या मते जुन्या व्हिस्कीचे खरे मोल त्यातच आहे. लाकडाच्या छिद्रांतून प्राणवायू हळूहळू आत येतो, मद्यार्काच्या काही भागाचे ॲसिटाल्डिहाइड आणि पुढे आम्ल होते, आणि आम्ले व मद्यार्क यांच्या संयोगातून फळांच्या वासाची एस्टरे बनत राहतात. ताज्या पिंपाच्या जोरावर ५ वर्षांच्या व्हिस्कीला गडद रंग आणि व्हॅनिला मिळतो, पण हा संथ संयोग घाईने उरकता येत नाही. म्हणून अशी व्हिस्की पुष्कळदा दोन थरांत वाटते: वर लाकडाचा गोडवा आणि खाली धान्याचा कच्चा वास, एकमेकांत न मिसळलेले. नुकत्याच घातलेल्या लोणच्यात मसाला आणि कैरी वेगवेगळी कळतात, तसेच हे आहे.

या सगळ्याला हवामानाची जोड मिळते. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामांत पिंपातला ऐवज दरवर्षी सुमारे २ टक्क्यांनी आटतो, आणि मद्यार्काची तीव्रताही उतरत जाते. गोव्यात कुंकळ्ळीला मुरणारी पॉल जॉन किंवा बंगळूरची अमृत यांच्या पिंपांतून बाष्पीभवन याच्या कित्येक पट होते, आणि उष्णतेमुळे लाकडाचा अर्कही झपाट्याने उतरतो. त्यामुळे या व्हिस्की थोड्याच वर्षांत भरदार होतात. पण गोव्याचे एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडची तीन-चार वर्षे, असा हिशेब मला पटत नाही, कारण उष्णतेने तिन्ही कामांचा वेग सारख्याच प्रमाणात वाढत नाही. उलट टोकाला, ३ फेब्रुवारी १९४० रोजी पिंपात भरलेली ग्लेनलिव्हेट या स्कॉटिश डिस्टिलरीची एक व्हिस्की ८० वर्षांनी बाटलीत भरली गेली, तेव्हाही तिची तीव्रता ४४.९ टक्के होती. असे पिंप विरळाच. बहुतेक पिंपे त्याच्या फार आधी ४० टक्क्यांच्या कायदेशीर किमान मर्यादेखाली जातात, किंवा लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे इतकी तुरट होतात की लाकडाखेरीज काही उरत नाही.

तुलना करायची असेल, तर डिस्टिलरी एकच असावी, पिंपाचा प्रकार शक्यतो सारखा असावा आणि तीव्रताही पाणी घालून सारखी करावी. ४८ टक्क्यांची लागावूलिन ८ आणि ४३ टक्क्यांची १६ तशाच चाखल्या, तर मद्यार्काची आग म्हणजेच तारुण्य, असा गैरसमज होतो. पाण्याचा उपयोग एवढाच नाही. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातील ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ साली संगणकीय प्रतिकृतीने दाखवले, की धुराच्या वासाचे ग्वायाकॉल हे संयुग तीव्रता कमी असताना द्रवाच्या पृष्ठभागाशी जमते आणि तीव्रता फार वाढली की आत ढकलले जाते. रंगावर मात्र विसंबू नये, कारण कायद्याने व्हिस्कीत कॅरॅमल रंग घालता येतो. वर निमुळते होणारे पेले, प्रत्येकात १५ मिलिलिटर व्हिस्की, आणि कोणता पेला कोणत्या वयाचा हे चाखणाऱ्याला ठाऊक नसणे, एवढे पुरते.

आयलाच्याच आर्डबेग डिस्टिलरीने असा प्रयोग जणू लोकांच्या हाती दिला. १९९८ साली गाळलेली व्हिस्की तिने २००४ साली 'व्हेरी यंग', २००६ साली 'स्टिल यंग', २००७ साली 'ऑलमोस्ट देअर' आणि २००८ साली 'रेनेसान्स' या नावांनी टप्प्याटप्प्याने बाटलीत भरली. वयाबरोबर धुराची फिनॉल संयुगे काही घटतात आणि काही लाकडाच्या वासाखाली झाकली जातात. म्हणून ज्याला धूरच हवा आहे, त्याने तरुण आयला माल्टला कमी लेखू नये.

चाखून झाल्यावर पेले न धुता रात्रभर तसेच ठेवावेत. मद्यार्क आणि हलकी एस्टरे उडून जातात, आणि सकाळी तळाशी फक्त जड, सावकाश उडणारी संयुगे उरतात: तरुण व्हिस्कीच्या पेल्यात राख आणि धान्य, जुन्या व्हिस्कीच्या पेल्यात व्हॅनिला, लवंग आणि जुने लाकूड.