डब्यावरच्या नावाला भुलू नका: फ्रीबीएसडीवर जुनं ग्राफिक्स कार्ड

एनव्हिडियाचं जीटी ७३० हे नाव २०१४ पासून बाजारात आहे आणि या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांची कार्डं विकली गेली. एकात जीएफ१०८ ही फर्मी पिढीची चिप, दुसऱ्यात जीके२०८ ही केप्लर पिढीची. लातूर-नांदेडकडे जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानात असं कार्ड हातात आलं, तर स्टिकरवरून यातलं काही कळत नाही. १२८ बिट मेमरी लिहिली असेल तर ते बहुधा फर्मी. आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर गाडं अडतं ते नेमकं इथेच.

फ्रीबीएसडी ही बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सच्या वंशातली, १९९३ पासून चालत आलेली प्रणाली. लिनक्सवर एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांसाठी नूवो हा मुक्त ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) असतो, इथे तो नाही. त्यामुळे कंपनीचा बंद ड्रायव्हर हाच रस्ता, आणि त्याच्या शाखा, म्हणजे आवृत्त्यांच्या मालिका, पिढीनुसार ठरलेल्या: जीफोर्स ८, ९, २०० मालिकांना ३४०, फर्मीला, म्हणजे ४००-५०० मालिका आणि जीटी ६१० यांना, ३९०, केप्लरला, म्हणजे जीटी ७१० आणि ६००-७०० मालिकेतल्या बहुतेकांना, ४७०. कंपनीने ३४० ची देखभाल २०१९ अखेरीस थांबवली, ३९० ची २०२२ अखेरीस आणि ४७० ची २०२४ मध्ये. म्हणून नवं कार्ड निवडायची मुभा असेल तर ३४० वालं घेऊच नये.

आधी चिप ओळखा. ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ ही आज्ञा द्या (इथल्या आज्ञा देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं). यादीत ‘व्हीजीएपीसीआय०’ शोधा. निर्माता ०x१०डीई असेल तर एनव्हिडिया, ०x१००२ असेल तर एएमडी. उपकरणाचा क्रमांक १२८बी म्हणजे केप्लरचं जीटी ७१०, १२८७ म्हणजे केप्लरचं जीटी ७३०, ०एफ०२ म्हणजे फर्मीचं जीटी ७३०. त्या चिपच्या शाखेचंच पॅकेज बसवा, उदाहरणार्थ ‘पीकेजी इन्स्टॉल एनव्हिडिया-ड्रायव्हर-४७०’. मग ‘सिसआरसी केएलडी_लिस्ट+=एनव्हिडिया-मोडसेट’ द्या, म्हणजे आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत ओळ पडते आणि यंत्र सुरू होताना ड्रायव्हरचं मोड्यूल लोड होतं. ३४० शाखेत मात्र शेवटचं नाव नुसतं ‘एनव्हिडिया’. आपल्या वापरकर्त्याला ‘व्हिडिओ’ गटात घाला आणि एक्स ११ (पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) च्या ‘एक्सऑर्ग.कॉन्फ.डी’ फोल्डरमध्ये छोटी फाइल करून ड्रायव्हरचं नाव ‘एनव्हिडिया’ असं लिहा. दोन कार्डं असतील तर बसआयडी, म्हणजे कार्ड कुठे जोडलंय त्याचा क्रमांकही द्यावा लागतो. तो दशमान पद्धतीत असतो. लिनक्समधल्या ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने दिसणारा क्रमांक सोळाच्या पद्धतीतला असतो, तो तसाच उतरवला की ९ च्या पुढे चूक होते.

शाखा चुकली तर ‘डीमेसग’मध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या नोंदींत, स्पष्ट ओळ येते की हे कार्ड अमुक जुन्या शाखेत चालतं, हा ड्रायव्हर त्याकडे दुर्लक्ष करेल. ती ओळ न वाचताच लोक कार्ड जळालं म्हणून भंगारात देतात. दुसरी अडचण आवृत्तीची. या ड्रायव्हरचा गाभा बंद असला, तरी त्याला कर्नलशी, म्हणजे प्रणालीच्या मुख्य भागाशी, जोडणारा थर प्रत्येक कर्नलसाठी संकलित (कंपाइल) करावा लागतो. प्रणाली नव्या उपआवृत्तीवर गेली आणि पॅकेज जुन्या कर्नलवर बांधलेलं राहिलं, की मोड्यूल लोड होत नाही किंवा यंत्र कोसळतं. अशा वेळी ‘/यूएसआर/एसआरसी’मध्ये कर्नलचा स्रोत उतरवून पोर्टमधून (स्रोतापासून प्रोग्राम बांधायच्या सोयीतून) ड्रायव्हर बांधावा. कर्नल मोड्यूल आणि एक्सच्या लायब्ऱ्या एकाच आवृत्तीच्या लागतात, त्यात अर्धवट अपडेट चालत नाही.

पडदा काळा पडला तर बूट मेनूतून सिंगल युजर निवडा. त्यात केएलडी_लिस्ट लोडच होत नाही. ‘माउंट -यू /’ करून आरसी.कॉन्फमधली ती ओळ काढा, पुन्हा सुरू करा. म्हणूनच ग्राफिक्सचं मोड्यूल लोडर.कॉन्फमध्ये टाकू नये (तिथलं सिंगल युजरमध्येही लोड होतं), आणि ‘स्टार्टएक्स’ ही एक्स सुरू करणारी आज्ञा नीट चालल्याशिवाय लॉगिन मॅनेजर आपोआप सुरू होईल असंही ठेवू नये.

एएमडीचं जुनं कार्ड, उदाहरणार्थ एचडी ५४५०, इथे कमी त्रासाचं. ‘डीआरएम-केमोड’ हे ड्रायव्हरचं पॅकेज बसवा आणि एचडी ७००० च्या आधीच्या पिढीला ‘रेडिऑनकेएमएस’ लोड करा. झालं.

काही वेळा दोष ड्रायव्हरचा नसतोच. जीफोर्स २१० सारख्या कार्डात बहुधा यूईएफआय या नव्या बूट पद्धतीसाठीचा कोड नसतो, त्यामुळे नव्या मदरबोर्डवर सीएसएम (जुन्या बायोस पद्धतीने बूट करायची सोय) बंद असेल तर लोगोसुद्धा दिसत नाही. प्रणाली बसवताना विभाजन ‘बायोस अधिक यूईएफआय’ असं निवडलं असेल, तर सीएसएम चालू केल्यावरही तीच डिस्क बूट होते. दुसरं, उष्णता. मे महिन्यात परभणीला पारा चाळिशी ओलांडतो, आणि पंखा नसलेलं १९ वॉटचं जीटी ७१० बंद कॅबिनेटमध्ये तापतं. थर्मल पेस्ट सुकलेली असेल तर बदला, काळ्या मातीची धूळ ब्रशने काढा, मग ‘एनव्हिडिया-एसएमआय’ने तापमान बघा. स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंतच वीज मिळते. सहा पिनांची जोडणी मागणारं कार्ड जुन्या स्वस्त एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) लावणं म्हणजे विनाकारण जोखीम.

गावात वायरचं इंटरनेट नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, ‘केएलडीलोड इफ_यूआरएनडीआयएस’ द्या, मग ‘डीएचक्लायंट यूई०’.

सगळं जुळल्यावर ‘जीएलएक्सइन्फो’ चालवून रेंडररची ओळ बघा. ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर चित्र कार्ड नव्हे, प्रोसेसर काढतोय आणि वर लिहिलेल्यातलं काहीतरी राहिलंय. कार्डाचं नाव दिसलं आणि डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टीमची असेल, तर पुढच्या अपडेटआधी ‘बीईसीटीएल क्रिएट’ने बूट एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे चालू प्रणालीची, प्रत काढून ठेवा. अपडेटनंतर पडदा काळा झाला तर बूट मेनूतून तीच प्रत निवडता येते.