मीडियम फॉरमॅटवर स्वतःचा फोटो काढताय? आधी दोरी घ्या

“स्कॅन धूसर आलाय, परत करून द्या.” मीडियम फॉरमॅटवर, म्हणजे रुंद फिल्मच्या कॅमेऱ्यावर, स्वतःचे फोटो काढलेला रोल आमच्या लॅबमध्ये धुवायला आला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

परवा असाच एक रोल आला. निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवली आणि ग्राहकाच्या हाती भिंग दिलं. पाठीमागच्या उशीवरचा कशिद्याचा टाका न् टाका मोजता येत होता, डोळे मात्र धूसर. स्कॅनमध्ये चूक असती, तर उशीही धूसर दिसली असती. बाराच्या बारा फ्रेम तशाच गेल्या होत्या.

होतं असं, की आपण रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर फोकस करतो आणि मग जाऊन बसतो. चेहरा पाठीच्या वीतभर तरी पुढे असतो. मोबाइलवर ही चूक खपून जाते. यशिका मॅटसारख्या कॅमेऱ्यात ८० मिमीची लेन्स असते. तिचं छिद्र (ॲपर्चर) ३.५ वर पूर्ण उघडं ठेवून दीड मीटरवर बसलात, तर मागेपुढे मिळून जेमतेम १२ सेंटीमीटर स्पष्ट येतं. छिद्र लहान करून ८ वर आणलं, तर हेच अंतर साधारण २८ सेंटीमीटर होतं. म्हणून ८ वरच काढा. खिडकीच्या उजेडासाठी ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) फिल्म घ्या. उजेड कमी असेल तर एचपी ५ प्लस ही ४०० ची कृष्णधवल फिल्म ८०० वर, म्हणजे ती ८०० ची आहे असं धरून, वापरा, पण रोलवर तसं लिहून द्या, म्हणजे आम्ही डेव्हलपिंगची वेळ वाढवू.

आता दोरी. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि लेन्सच्या अगदी खाली दोरी बांधा. खुर्चीत बसून ती ताणा आणि डोळ्याशी येईल तिथे गाठ मारा. मग गाठीच्या जागी, डोळ्याच्याच उंचीवर, स्टँडला वर्तमानपत्राचा तुकडा लावून त्यातल्या अक्षरांवर फोकस करा. स्टँड काढा, बसा, गाठीला डोळा भिडवा, दोरी सोडा आणि क्लिक करा. खुर्चीच्या पायांशी जमिनीवर टेप लावा. दर फ्रेमला रोल फिरवायला उठावं लागतं, तेव्हा परत बसल्यावर गाठ पुन्हा तपासायचीच.

आरशातून काढणार असाल, तर फोकस प्रतिबिंबावर करा, आरशाच्या चौकटीवर नको. आरसा एक मीटरवर असेल तर तुम्ही दोन मीटरवर असता. व्हिव्हियन मायर या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेऊन आरशांत आणि दुकानांच्या काचांत स्वतःचे किती तरी फोटो काढले. ते जरूर बघा.

जुन्या कॅमेऱ्याचा सेल्फ-टायमर वापरू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. त्यातल्या चाकांचं वंगण सुकलेलं असतं आणि ती अडकली की शटरही अडकतं. शिवाय आठ-दहा सेकंदांत धावत जाऊन गाठीपाशी स्थिर बसणं होत नाही. आमच्याकडून कॅमेरा भाड्याने नेलात, तर दुरून शटर दाबायचा लांब नळीचा हवेचा रिलीज सोबत मिळतो. नळीच्या टोकाचा फुगा पायाखाली ठेवून दाबा, हात मोकळे राहतात. दोरी आणि टेप त्याच पिशवीत असतात, त्यांचे वेगळे पैसे नाहीत.

स्कॅनवर कृत्रिम शार्पनिंग आम्ही चढवत नाही. त्याने ग्रेन (फिल्मचे दिसणारे कण) तेवढा टोचरा होतो, चुकलेला फोकस परत येत नाही. त्यापेक्षा रोल देताना “आधी कॉन्टॅक्ट शीट” (सगळ्या फ्रेम निगेटिव्हच्याच आकारात छापलेला एक कागद) असं सांगा. भिंगाने आपण मिळून पाहू आणि डोळे स्पष्ट आहेत तेवढ्याच फ्रेम मोठ्या स्कॅन करू.