रोजची शुगर की एचबीएवनसी: नवीन गोळी लागू पडतेय हे कशावरून ओळखायचं?

डॉक्टरांनी डायबेटिसची नवीन गोळी दिली की आठवड्याभरात घरातले सगळे विचारायला लागतात, उतरली का शुगर? मग कोणी सकाळी उपाशीपोटी बोट टोचून १६० बघतं आणि गोळी लागू पडत नाही म्हणून मोकळं होतं, तर कोणी महिनाभरातच एचबीएवनसी करून आणतं आणि ते साडेआठ बघून हातपाय गाळतं. दोन्ही तपासण्या शुगरच्याच, पण एक सांगते आत्ताचं आणि दुसरी सांगते मागच्या दोनतीन महिन्यांचं, आणि नेमकी चुकीच्या वेळी चुकीची तपासणी धरली की चांगलं चाललेलं औषध लोक बंद करून टाकतात, हे मी आजूबाजूला इतकं बघतेय की शेवटी लिहायलाच बसले.

ग्लुकोमीटरचा आकडा म्हणजे त्या मिनिटाची शुगर. रात्री उशिरा जेवलात, झोप झाली नाही, ताप आहे, गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलंय, सगळं त्यात उतरतं. हापूस सोलून हात न धुता बोट टोचलं तर बोटावरच्या रसाची साखरही त्यात मोजली जाते, म्हणून आधी साबणाने हात धुवून कोरडे करायचे. आणि चांगल्या मीटरलाही साधारण १५ टक्के इकडेतिकडे चालतं, त्यामुळे काल १३२ आणि आज १४१ यात वाढलं काहीच नाही, उगाच टेन्शन घेऊ नका.

एचबीएवनसीचं गणित वेगळं. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर फिरते त्या प्रमाणात ती हिमोग्लोबिनला चिकटत जाते, ते चिकटलेलं मोजतात. ७ म्हणजे सरासरी शुगर १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. यात शेवटच्या महिन्याचा वाटा साधारण निम्मा, बाकीचा त्याआधीचा, म्हणजे गोळी सुरू होऊन महिनाच झाला असेल तर रिपोर्टमध्ये निम्मा वाटा गोळीच्या आधीच्याच दिवसांचा असतो!

परळला आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंचं हेच झालं. एचबीएवनसी ९.४ होतं, मेटफॉर्मिनच्या जोडीला आणखी एक गोळी दिली, महिन्याने कोणीतरी सांगितलं म्हणून परत टेस्ट केली तर ८.५, आणि घरात डॉक्टर बदलायची चर्चा सुरू. पण त्यांची रोजची शुगर लिहायची वही उघडली तर उपाशीपोटीचे आकडे १९० वरून १३० च्या घरात आलेले. औषध काम करतच होतं, रिपोर्टला अजून पत्ता लागायचा होता. तीन महिने पूर्ण झाल्यावर ७.६ आलं.

त्याच वहीत अजून एक गोष्ट होती जी मला जास्त महत्त्वाची वाटते. चतुर्थीचा दिवस, सकाळी उपाशीपोटी १२२, एकदम छान, आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर दोन तासांनी २५१. नुसती फास्टिंग बघणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरमधून सुटणारी साखर कमी करतं, त्यामुळे फास्टिंग आधी सुधारते, पण ताटातल्या साबुदाण्याचं काय ते जेवणानंतरच्या आकड्यातच कळतं. बऱ्याच जणांसाठी फास्टिंग ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे टार्गेट असतं, आणि ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, ताट उचलल्यापासून नाही. लॅबच्या दिवशी दोन इडल्या आणि एरवी चहाखारी आणि वर वडापाव असं केलं तर ती पीपी (जेवणानंतरची शुगर) कोणाच्याच कामाची नाही, रोजचं खा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर रोजची गोळीही घ्या.

गोळी कुठली त्यावरही वाट किती बघायची ते ठरतं. ग्लिमेपिराइडचा परिणाम काही दिवसांतच दिसतो, मेटफॉर्मिनला एकदोन आठवडे द्यावे लागतात, पायोग्लिटाझोनला तर कित्येक आठवडे, आणि सेमाग्लुटाइडचा डोसच चारचार आठवड्यांनी चढवतात, तिथे पहिल्या महिन्यात निकाल लावण्यात अर्थच नाही. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या लघवीत साखर निघते तेव्हा लोक घाबरतात, पण ती गोळी साखर लघवीवाटेच बाहेर काढते.

एचबीएवनसीवरही डोळे झाकून विश्वास नको. आपल्याकडे बायकांमध्ये लोह कमी असणं घरोघरी आहे आणि त्याने एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. उलट नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बराच रक्तस्राव झाला असेल तर कमी दिसू शकतं. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) असेल तरी आकडा फसवू शकतो. वहीतले आकडे आणि रिपोर्ट अजिबात जुळत नसतील तर सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करायची का ते डॉक्टरांना विचारा.

म्हणजे पहिले काही आठवडे वही, त्यात फास्टिंग आणि जेवणानंतरची दोन्ही, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी. बऱ्याच जणांना ७ च्या आत आणायचं असतं, पण वय झालेलं, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेलं माणूस असेल तर डॉक्टर मुद्दाम ८ पर्यंत चालवून घेतात, शेजारच्यांच्या आकड्याशी तुलना करू नका.

आणि ७ आलं म्हणून लगेच पेढे वाटू नका, कारण सरासरी आहे ती, दुपारी ६० आणि रात्री २५० असेल तरी सरासरी छानच दिसते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू आहे, लोकल रखडली, जेवण लांबलं, हात थरथरतायत, घाम फुटलाय, तर जमलं तर तिथेच मोजा, ७० च्या खाली असेल किंवा मोजायला मीटरच नसेल तर तीनचार छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, आणि वेळेसकट वहीत लिहा. असं दोनदा झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, बहुतेक वेळा डोस कमी करावा लागतो.