इंग्रजीतील विशेषण आणि नाम यांची जोडणी

इंग्रजी वाक्यात एका मुख्य नामाभोवती विशेषणे, दुसरी नामे किंवा आख्खा शब्दसमूह बांधला जाऊन जो गट तयार होतो, त्याला नामपदबंध म्हणतात. हा गट बांधण्याचे इंग्रजीचे प्रमुख साधन म्हणजे शब्दाची जागा. मराठीत हेच काम मुख्यतः प्रत्यय करतात: ‘चा-ची-चे’, ‘तला’, ‘णारा’, ‘लेला’ आणि विशेषणाचे बदलते रूप. इंग्रजीत शब्द तसाच राहतो आणि त्याचे नाते कुठे उभा आहे यावरून ओळखायचे असते. मराठी माणसाला यातला अर्धा भाग घरचाच आहे. उरलेला अर्धा, म्हणजे नामाच्या मागून येणारा भाग, मात्र लक्ष देऊन शिकावा लागतो. शाळेत नेमका त्यालाच कमी वेळ मिळतो.

घरचा भाग आधी पाहू. ठाणे खाडीच्या पश्चिम तीरावरील क्षेत्र 2015 मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. त्याचे इंग्रजी नाव ‘ठाणे क्रीक फ्लेमिंगो सँक्चुअरी’. चार शब्द, चारही नामे. मध्ये ना प्रत्यय, ना शब्दयोगी अव्यय. असे नाव शेवटाकडून वाचायचे असते. ते आहे अभयारण्य, फ्लेमिंगोंसाठी, खाडीतले, आणि खाडी ठाण्याची. ‘साठी’, ‘तले’, ‘ची’ ही तीन वेगवेगळी नाती इंग्रजीने उच्चारलीही नाहीत, ती ऐकणाऱ्याने जाणायची. मुख्य नाम शेवटी आणि त्याला बांधलेले सगळे त्याच्या आधी, ही रचना मराठीला परकी नाही. राजवाडा, वनभोजन, पोळपाट हे शब्द आपण असेच बांधतो.

नवी मुंबईतल्या बेलापूरला जे ‘सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट’ हे बिरूद लागले आहे, त्यात आणखी एक गोष्ट दिसते. यात ‘सेंट्रल’ हे विशेषण शेजारच्या ‘बिझनेस’ला लागत नाही. आधी ‘बिझनेस डिस्ट्रिक्ट’ ही जोडी एकत्र येते आणि मग त्या अख्ख्या जोडीला ‘सेंट्रल’ लागते. म्हणजे जोडणी पायरीपायरीने होते. पायऱ्या कशा पडल्या हे कळले नाही तर अर्थ दुभंगतो. ‘ओल्ड बुक शॉप’ म्हणजे जुन्या पुस्तकांचे दुकान की पुस्तकांचे जुने दुकान? लिहिताना ‘ओल्ड’ आणि ‘बुक’ यांच्यामध्ये संयोगचिन्ह घातले की पहिला अर्थ पक्का होतो. बोलताना संदर्भ आणि शब्दावरचा जोर यांचाच आधार.

आधी येणारे नाम बहुधा एकवचनी असते. खाडीत फ्लेमिंगो हजारोंनी उतरतात, तरी नावात ‘फ्लेमिंगो’च. ठाण्याला तलावांचे शहर म्हणताना इंग्रजीत ‘सिटी ऑफ लेक्स’ असे अनेकवचन येते. तेच जोडून म्हटले की ‘लेक सिटी’ होते आणि अनेकवचनाचा ‘स’ गळतो. घोडबंदर रोडवरच्या इमारतींच्या जाहिरातींत ‘टू-बेडरूम फ्लॅट’ असते, ‘टू-बेडरूम्स फ्लॅट’ नसते. ‘टेन-रुपी नोट’, ‘फाइव्ह-स्टार हॉटेल’ यांचेही तसेच. वयाच्या बाबतीत तर फरक सहज ऐकू येतो: ‘द बॉय इज थ्री इयर्स ओल्ड’, पण ‘अ थ्री-इयर-ओल्ड बॉय’. दुसऱ्या नामाआधी उभे राहिले की नामही विशेषणासारखे वागते, आणि इंग्रजी विशेषणाला वचन नसते. अपवाद आहेत आणि ते पाठच करावे लागतात: ‘सेव्हिंग्ज अकाउंट’, ‘स्पोर्ट्स शूज’, ‘गुड्स ट्रेन’. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर ‘सेशन्स कोर्ट’ भेटते, तोही यातलाच एक.

इंग्रजी विशेषण पूर्वीपासून असे निर्विकार नव्हते. जुन्या इंग्रजीत त्याला लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे वेगवेगळे शेवट लागत, जसे आजच्या जर्मनमध्ये लागतात. मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात हे शेवट झिजत गेले आणि पंधराव्या शतकापर्यंत जवळपास नाहीसे झाले. प्रत्यय गेले तसे जागेचे महत्त्व वाढले. मराठीत ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगल्या मुलाला’ असे विकारी विशेषण बदलते. ‘लाल’, ‘सुंदर’ यांसारखी अविकारी विशेषणे तशीच राहतात. इंग्रजीतून आलेली विशेषणे मराठी बोलण्यात या दुसऱ्या गटात बसली: फास्ट गाडी, फास्ट गाड्या, फास्ट गाडीने. ‘लोकल’ची कथा वेगळी आहे. मूळ ‘लोकल ट्रेन’मधले नाम गळाले, विशेषण एकटे उरले आणि नाम बनून मराठी प्रत्यय घेऊ लागले. म्हणून आपण ‘लोकलने’ जातो आणि ‘लोकलमध्ये’ बसतो.

विशेषण बदलत नसल्याचा एक परिणाम दुकानात लगेच जाणवतो. मराठीत ‘मोठा दे’ एवढे पुरते. ‘मोठा’ या रूपातच वस्तूचे लिंग आणि वचन असते. इंग्रजीत ‘गिव्ह मी द बिग’ हे अधुरे राहते. गळालेल्या नामाच्या जागी ‘वन’ ठेवावे लागते: ‘द बिग वन’. आपल्याकडच्या बोलण्यातले ‘लालवाला’, ‘मोठीवाली’ जवळपास हेच काम करते. ‘द पुअर’, ‘द रिच’ अशी रूपे एकटी चालतात, पण ती माणसांच्या अख्ख्या वर्गासाठी असतात.

एकाहून अधिक विशेषणे आली तर त्यांचा क्रम साधारण असा लागतो: आधी बोलणाऱ्याचे मत, मग आकारमान, वय, घडण, रंग, मूळ ठिकाण आणि शेवटी द्रव्य. वस्तूच्या अंगभूत गुणाचा शब्द नामाला चिकटून राहतो. ज्यावर मतभेद होऊ शकेल असा शब्द दूर जातो. ‘अ ब्यूटिफुल स्मॉल ओल्ड स्टोन टेंपल’ याचे मराठी ‘एक सुंदर लहान जुने दगडी देऊळ’, क्रम तोच. म्हणून मराठी विद्यार्थ्याकडून या क्रमाचा तक्ता घोकून घेण्यात फारसा लाभ नाही. आपल्या कानावर तो विसंबू शकतो. लक्ष ‘अ’ आणि ‘ॲन’ यांच्याकडे हवे. कारण ते नाम पाहून ठरत नाहीत, लगेच पुढे येणारा उच्चार पाहून ठरतात: ‘ॲन अंब्रेला’, पण ‘अ ब्लॅक अंब्रेला’.

‘अँड’चा नियम नाजूक आहे. नामाच्या आधी वेगवेगळ्या जातींची विशेषणे असतील तर मध्ये ‘अँड’ येत नाही: ‘अ बिग रेड बस’. एकाच वस्तूचे दोन रंग असतील तर मात्र येतो. आपली काळी-पिवळी इंग्रजीत ‘ब्लॅक अँड यलो टॅक्सी’ होते. क्रियापदानंतर विशेषणे आली की शेवटच्या दोघांत ‘अँड’ लागतोच: ‘द रोड इज नॅरो अँड डार्क’. मराठीत ‘रस्ता अरुंद, अंधारा आहे’ असे नुसत्या विरामावर भागते, ती सवय इंग्रजीत नेली की वाक्य तुटके वाटते. रोजच्या बोलण्यात आणखी एक ‘अँड’ आहे. ‘द रूम इज नाइस अँड वॉर्म’ यात खोलीचे दोन गुण सांगितलेले नाहीत. खोली छान उबदार आहे, एवढेच. द्विरुक्तीचेही सांभाळावे लागते. ‘गरम गरम चहा’ जसाच्या तसा ‘हॉट हॉट टी’ झाला तर आपल्यात समजतो, पण प्रमाण इंग्रजीत ती पद्धत नाही. तिथे ‘पायपिंग हॉट’ असे वेगळे शब्द आहेत.

आता कठीण भाग. ठाणे स्थानकावर उद्घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होतात. मराठीत ‘फलाट क्रमांक दोनवर येणारी गाडी’ अशी रचना असते: सगळे वर्णन आधी, ‘गाडी’ शेवटी. इंग्रजीत ‘द ट्रेन अरायव्हिंग ऑन प्लॅटफॉर्म नंबर टू’. गाडी आधी आली, वर्णन तिच्या मागून. इंग्रजी जोडणीतला सर्वांत महत्त्वाचा नियम यातच आहे: विशेषण एकटे असेल तर ते नामाआधी, आणि स्वतःची शेपटी घेऊन आले तर नामानंतर. ‘अ फुल बास्केट’, पण ‘अ बास्केट फुल ऑफ मँगोज’. ‘निळ्या शर्टातला माणूस’ होतो ‘द मॅन इन द ब्लू शर्ट’; ‘काल आलेला पाहुणा’ होतो ‘द गेस्ट हू केम यस्टरडे’. मराठीच्या ‘तला’, ‘णारा’, ‘लेला’ यांना इंग्रजीत एकच एक प्रतिशब्द नाही. त्यांच्या जागी कधी शब्दयोगी, कधी ‘इंग’चे रूप, कधी ‘हू’ किंवा ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य येते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. मराठी माध्यमाच्या वर्गात ही उलटापालट सुरुवातीलाच, अशा रोज कानावर पडणाऱ्या वाक्यांवरून दाखवायला हवी. तेवढ्याने पुढची पुष्कळशी अडखळ वाचेल.

काही विशेषणे एकटी असूनही नामाआधी येत नाहीत. ‘अस्लीप’ आणि ‘अलाइव्ह’ हे मुळात ‘ऑन’ हे शब्दयोगी जोडून झालेले शब्द, म्हणजे झोपेत, जिवंतपणात. म्हणून ‘द चाइल्ड इज अस्लीप’ चालते. नामाआधी मात्र ‘स्लीपिंग चाइल्ड’ म्हणावे लागते. ‘समथिंग न्यू’सारख्या रचनेत विशेषण नेहमी मागेच. कायद्याच्या भाषेत फ्रेंच वळणाने काही विशेषणे नामामागे राहिली: ‘अटर्नी जनरल’, ‘कोर्ट मार्शल’ आणि कोर्टाजवळच्या पाट्यांवरचे ‘नोटरी पब्लिक’. यांचे अनेकवचन करताना प्रत्यय पहिल्या शब्दाला लागतो, ‘नोटरीज पब्लिक’, कारण मुख्य नाम तोच आहे.

जोडी घट्ट होऊन एक शब्द बनला की तो समास. इथे मराठी शाळेतले व्याकरण थेट उपयोगी पडते. ‘ब्लॅकबोर्ड’ कर्मधारय, ‘स्कूल बस’ तत्पुरुष, आणि लाल केसांच्या व्यक्तीला म्हणतात ते ‘रेडहेड’ बहुव्रीही. या शेवटच्या प्रकाराला इंग्रजी भाषाशास्त्रज्ञही ‘बहुव्रीही’ हाच संस्कृत शब्द वापरतात. समास आणि सुटी जोडी यांतला फरक बऱ्याचदा जोरावर ठरतो. ‘ग्रीनहाउस’मध्ये जोर ‘ग्रीन’वर, तेव्हा ते रोपांसाठी बांधलेले काचेचे घर, दोन्ही शब्दांवर जोर देऊन म्हटले की हिरव्या रंगाचे घर. ‘इंग्लिश टीचर’मध्ये जोर पहिल्या शब्दावर असेल तर इंग्रजी शिकवणाऱ्या बाई, दुसऱ्यावरही तितकाच दिला तर त्या इंग्लंडच्या.