ओढ्यातलं हाड की चुनखडी?

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोल दगडांना शेताचे राखणदार म्हणून पुजत आले, ती डायनासोरची अंडी निघाली, ही २०२३ च्या डिसेंबरातली बातमी. असं काही वाचलं की आपल्या ओढ्यातला गोल धोंडाही अंड्यासारखा दिसू लागतो. पण सोलापूर जिल्ह्यातल्या ओढ्यात डायनासोरचं अंडं मिळणार नाही. ती अंडी ज्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरात आहेत, तो बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, खाली असतो. धारकडे किंवा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला तो उघडा पडला आहे. इथे मात्र वर काळ्या पाषाणाचं जाड आवरण आहे. १९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीला खोल विंधन घेतलं, तेव्हा बेसॉल्टच ३३८ मीटर भरला.

मग तो गोल धोंडा काय? बेसॉल्टला उभ्या-आडव्या भेगा असतात. त्यांतून पाणी मुरतं, कोपरे सर्व बाजूंनी कुजतात आणि पापुद्रे सुटत सुटत आत गोटा उरतो. दगडाच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, तर तीही वनस्पती नाही. ते मँगनीजच्या ऑक्साइडचं साखळणं आहे. पानाला मधली शीर असते आणि बाजूच्या शिरा ठरावीक अंतरावर फुटतात. ही नक्षी मात्र वाट मिळेल तशी पसरते.

खरे जीवाश्म शोधायचे ते नदी-ओढ्याच्या काठावरच्या जुन्या गाळाच्या दरडीत. खाली चुन्याने घट्ट झालेली वाळू-गोटे आणि वर पिवळसर, तपकिरी माती, अशी ती दरड ओळखू येते. गोदावरी, मांजरा आणि भीमेला मिळणारी घोड या नद्यांच्या अशाच गाळातून प्राचीन हत्ती आणि रानबैलांची हाडं-दात मिळाले आहेत. शिंपले आणि गोगलगायीही याच मातीत मिळतात. त्या गोड्या पाण्यातल्या असतात, त्यावरून ‘इथे समुद्र होता’ असं म्हणू नये.

नवख्याची सगळ्यात मोठी फसगत करते ती चुनखडी. लांबट, पांढरट, मधे भोक असलेली नळी हातात आली की कुणालाही हाडच वाटेल. ती तयार कशी होते हे एकदा कळलं, की फसगत निम्म्याने कमी होते.

बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार खनिजात कॅल्शियम असतं. मातीतली मुळं आणि जिवाणू श्वसन करतात, म्हणून मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. तो मुरणाऱ्या पावसाच्या पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं आणि खनिजातलं कॅल्शियम सोडवून घेतं. हे कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात सहज विरघळून राहतं. कोकणात भरपूर पाऊस ते धुऊन नेतो. सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने इथे ते खोलवर वाहून जातच नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाणी आटतं आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना, बसतं. मुळाभोवती हे सर्वांत जोरात घडतं, कारण मूळ पाणी शोषून घेतं आणि क्षार बाहेरच साचतो. वर्षानुवर्षं थर चढतो, मूळ कुजून जातं आणि नळी उरते. चुन्याने कडेची माती पोटात घेतलेली असते, आणि ओळखायची खूण तिथेच आहे.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि नळीचा ताजा तुटलेला काठ पाहा. भिंतीच्या आतच बेसॉल्टचे काळे कण, वाळू रुतलेली दिसली तर ती चुनखडी. हाडाच्या भिंतीत वाळू नसते. फार तर पोकळीत माती शिरलेली असते. हाडाचं बाहेरचं कवच घट्ट आणि सलग जाडीचं असतं, टोकाकडे आत जाळीदार भाग दिसतो. मुळाची नळी टोकाकडे निमुळती होते, तिला फाटे फुटतात आणि भिंत कुठे जाड, कुठे पातळ असते.

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून बघा, असं सांगतात. चुनखडी फसफसते हे खरं. पण हाडाच्या छिद्रांतही चुना बसलेला असतो, म्हणून तेही फसफसू शकतं. थेंब घट्ट भिंतीवर टाका आणि बुडबुडे भिंतीतून येतात की छिद्रातून, ते भिंगाने पाहा. जिभेला चिकटलं म्हणजे हाड, ही कसोटी सोडून द्या. मातीचं ढेकूळही चिकटतं.

हाड नवं की जुनं, यासाठी बारीक कपची चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. केस जळाल्यासारखा वास आला तर आत कोलॅजन हे हाडातलं प्रथिन शिल्लक आहे, म्हणजे हाड अलीकडच्या जनावराचं. वास नाही आला म्हणून मात्र ते लगेच जीवाश्म ठरत नाही. उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या किंवा जळलेल्या हाडालाही वास नसतो. आपल्या नद्यांत अस्थिविसर्जन होतं, हेही ध्यानात ठेवा. राखाडी-निळसर, भेगाळलेले तुकडे दिसले तर हात लावू नका, आणि हाड माणसाचं असल्याची शंका आली तर पोलिसांना कळवा.

दात ओळखणं त्यामानाने सोपं. बैलाच्या दाढेवर चमकदार एनॅमलच्या वळणदार कडा दिसतात. दगडात असं दुसरं काही आढळत नाही.

सापडलेली वस्तू उचलण्याआधी शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. दरडीत बसलेली असेल तर तळापासूनची उंची आणि थराचा रंग लिहून ठेवा. पात्रात सुटी पडलेली वस्तू कुठल्या थरातून आली हे कळत नाही, त्यामुळे तिचं मोल अर्धं होतं. ओलं हाड उन्हात ठेवलं तर चिरतं. ते कागदात गुंडाळून सावलीत आठवडाभर वाळवा. मऊ ब्रशने माती काढा, पांढरा डिंक लावू नका, कारण पुढे तो निघत नाही. थरातलं हाड स्वतः खणून काढू नका. फोटो आणि नोंद सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला दाखवा.