आय आधी की ई आधी? बोर्ड छापायला देण्याआधी एवढं वाचा

म्हापशातल्या आमच्या दुकानात फ्लेक्स, अ‍ॅक्रेलिकची अक्षरं, मेनू कार्ड, पावती पुस्तकं सगळं होतं हे तुम्हाला माहीतच आहे, ते परत सांगत नाही. हा कागद एकाच भानगडीसाठी काढलाय. इंग्लिशमधले पाच अक्षरांचे शब्द, ज्यात आय आणि ई शेजारी शेजारी येतात. फील्ड, पीस (तुकडा), चीफ, नीस (भाची, पुतणी), क्वाएट (शांत), एट (आठ). दिसायला चिल्लर पण आमचं निम्मं डोकं यांनीच खाल्लंय.

पाच अक्षरीच का, तर अ‍ॅक्रेलिकचा दर अक्षरावर आणि इंचावर लागतो, त्यामुळे लोक छोटेच शब्द शोधतात. (आय बारीक आहे त्याचे पैसे कमी घ्या, असं महिन्यातून एकदा कोणीतरी म्हणतंच. नाही हो होत, बारीक अक्षर सरळ चिकटवायला उलट जास्त जपावं लागतं.)

आता चीफचं ऐका. गावची क्रिकेट टुर्नामेंट, आठ बाय दहाचा बॅनर, वर मोठ्या अक्षरात चीफ गेस्ट. मजकूर आला त्यातच ई आधी आणि आय नंतर. आम्ही प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं ११:४० ला आणि तिकडून अंगठा आला तोही ११:४० ला! म्हणजे वाचलं कधी? संध्याकाळी पाच वाजता बॅनर दोन माडांना बांधून झाल्यावर कोणाच्या तरी शाळेत जाणाऱ्या पोराने दाखवून दिलं, आणि मग फोन आम्हाला, की पाहुणे सहाला येतायत, तेवढी दोन अक्षरं बदलून द्या. फ्लेक्सवर दोन अक्षरं बदलता येत नाहीत, तो एकसंध छापलेला असतो, वर तुकडा चिकटवला तर ठिगळ लांबून दिसतं. अ‍ॅक्रेलिकमध्ये लोकांना वाटतं की काढायचं आणि उलटं लावायचं, पण आय असतो बोटाएवढा आणि ई असते चार बोटं, जागा बदलल्या की मधली अंतरं बिघडतात आणि खाली जुन्या गमाचे डाग राहतात ते वेगळेच.

शाळेत सगळ्यांना तो नियम शिकवलाय, आय बिफोर ई एक्सेप्ट आफ्टर सी, म्हणजे आय आधी, फक्त सी-नंतर ई आधी. बोर्डवाल्या पाच अक्षरी शब्दांत सी-नंतरची भानगड जवळजवळ येतच नाही, ती येते रिसीटमध्ये, म्हणजे देवस्थान कमिटीच्या पावती पुस्तकावर, आणि तो शब्द सात अक्षरी. त्यापेक्षा आमची युक्ती घ्या. तुम्ही मोबाईलवर मराठी इंग्लिश अक्षरात टाईप करता ना, मी घरी येतो वगैरे? त्यात मी कसा लिहिता, एम-आय. तसंच ची म्हणजे सी-एच-आय, पी म्हणजे पी-आय, नी म्हणजे एन-आय, फी म्हणजे एफ-आय. आधी तेवढं लिहा आणि पुढे ई लावा, चीफ, पीस, नीस, फील्ड सगळे बरोबर येतात. थीफ, ब्रीफ, यील्ड पण. आणि कानाला ए ऐकू आला तर ई आधी, एट, वेइंगच्या काट्यावरचा वे, रंगाच्या डब्यावरचा बेज. असं का ते विचारू नका, चीफ आणि पीस फ्रेंचमधून आले, फील्ड मूळचा इंग्लिशच, तरी स्पेलिंगची तऱ्हा एकच.

युक्ती फसते ती सीझ आणि विअर्डला, तिथे ई आधी. जिमवाल्यांनो, प्रोटीनला पण ई आधी. आणि फोंड्याकडच्या देवळांतून पर्यटकांसाठी इंग्लिश बोर्ड येतात त्यातला डीटी, म्हणजे देवता. तिथे लोक डाएट करून टाकतात आणि शेवटी वाय लावतात. देव हा शब्द आठवा, डी-ई, मग चुकणार नाही.

सगळ्यात वाईट क्वाएट. गेस्ट हाऊसला रात्री दहानंतर शांतता ठेवा असा बोर्ड हवा असतो आणि मजकूर येतो कीप क्वाइट. शेवटी ई-टी पाहिजे तिथे टी-ई. कॉम्प्युटर लाल रेघ पण मारत नाही, कारण क्वाइट हा वेगळा आणि बरोबर शब्द आहे. पीस फिशच्या भावापुढे लिहायचा की शांतीवाला, तिथेही तेच. मेनू कार्डावर इसवण (सुरमई) फ्राय पर शांती असं एकदा गेलंय आमच्याकडून, मालक हसला म्हणून वाचलो.

मग तुम्हीच का सुधारत नाही, हा प्रश्न दर दुसऱ्या माणसाचा. सुधारायचो. एकदा एकाच्या बारवर कीथ हे मुलाचं नाव होतं, के-ई-आय-टी-एच, आमच्या पोराने शाळेतला नियम लावून आय पुढे आणला, आणि सहा इंची अक्षरांचा अख्खा बोर्ड आमच्या खर्चाने नव्याने करून दिला. गोव्यात नावं कशी असतील सांगता येत नाही, रेईस मागूश या गावाच्या नावात ई आधीच आहे आणि ते बरोबरच आहे. तेव्हापासून शंका आली तर शब्दाभोवती लाल गोल करून प्रूफ पाठवतो पण हात लावत नाही. दोन वेळा दुरुस्ती फुकट, ओके आल्यानंतर परत छापलं तर मटेरियलचे पैसे लागतात, हे कोणाला कडक वाटेल, पण रोल आम्हालाही विकतच घ्यावा लागतो.

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथेच, जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात बसला. तेव्हापासून प्रूफ वाचायचं काम कोणीतरी करतंच आहे, तुम्ही पण करा. शब्द शेवटच्या अक्षराकडून उलटा वाचा, चूक लगेच डोळ्यात येते. मजकूर व्हॉइस मेसेजवर नको, टाईप करूनच पाठवा. अशा शब्दांचा तक्ता काउंटरवर ठेवलाय, मेनू कार्ड किंवा लग्नपत्रिकेच्या ऑर्डरबरोबर एक कॉपी फुकट देतो, शाळेतल्या पोरांनाही चालेल. गणेश चवथीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र संध्याकाळी सातपर्यंत ओके आलं तरच माल दुसऱ्या दिवशी मिळेल.